धुरात मी चुकीच्या दाराकडे वळले

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. आग लागली तर काय करायचं, याचं मॉक ड्रिल आमच्याकडे दर वर्षी होतं. सायरन वाजला की आम्ही बोलत बोलत असेंब्ली पॉइंटवर जातो, हजेरी देतो आणि लाइनवर परत येतो. यंदा मात्र ट्रेनिंग रूममध्ये डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, म्हणजे आपण खरंच तिथे आहोत असं भासवणारा मोठा चष्मा, चढवला.

चष्म्यावर तो बसेना, पट्टे सैल करून घ्यावे लागले. समोर अनोळखी ऑफिसचा मजला होता. इलेक्ट्रिक पॅनलमधून ठिणग्या उडाल्या आणि धूर छताला लागून पसरला. मग तो खाली उतरू लागला. खोटं आहे हे माहीत असूनही माझ्या छातीत धडधडायला लागलं. कॉरिडॉरचं टोक दिसेनासं झालं. डावीकडे स्वच्छतागृह होतं. तिथे पाणी आहे, दार लावून घेता येईल, एवढंच डोक्यात आलं आणि मी आत शिरले. हळूहळू सगळं काळं झालं.

सेफ्टी ऑफिसर सर रागावले नाहीत. त्यांनी मुंबईच्या कमला मिल्समधली आग सांगितली. 29 डिसेंबर 2017 ला, मध्यरात्र उलटल्यावर लागलेल्या त्या आगीत 14 जण गेले, आणि त्यातले कितीतरी जण स्वच्छतागृहात गुदमरले. मी हेडसेटमध्ये तेच केलं होतं. अजूनही ते आठवलं की अंगावर काटा येतो. सर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, गुंगी येतेय हे माणसाला कळतच नाही.

दुसऱ्या फेरीत मी खाली वाकले, भिंतीवरचा हात काढला नाही, बाहेरची वाट दाखवणाऱ्या हिरव्या पाटीकडे सरकत राहिले आणि बाहेर पडले. दार तापलंय का, हे काही हेडसेटमध्ये कळत नाही. हाताच्या मागच्या बाजूने ते कसं पाहायचं, हे सरांनी खोलीच्याच दारावर दाखवलं.

शिफ्ट सुटल्यावर मी माझ्या जागेपासून मागच्या आपत्कालीन दारापर्यंत चालत गेले. 42 पावलं. इतकी वर्षं मी पुढच्याच गेटने ये-जा केली, या दाराला कधी हातही लावला नव्हता. दारासमोर रिकामे पॅलेट रचलेले होते. फोटो काढून सरांना पाठवला, दुसऱ्या दिवशी जागा मोकळी झाली.

एक गोष्ट मात्र मला खटकते. हे ट्रेनिंग फक्त कायम कामगारांना मिळालं. माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघी कंत्राटी आहेत, धूर काही हजेरीपट बघून येत नाही. त्यांची नावं मी लेखी दिली आहेत. तोवर कालच्या जेवणाच्या सुट्टीत दोघींना घेऊन ती 42 पावलं चालून आले आणि दार त्यांच्याच हाताने उघडायला लावलं.