पंधराव्या वर्षी म्हातारी

दुपारी जेवून आडवा झालो तोच भाचीने ॲडलेडहून फोटो धाडला. बरोसा खोऱ्यातली शिराझ द्राक्षाची वेल. वेल कसली, वठलेल्या बाभळीचा बुंधाच! लागवड १८४३ची. लँगमाईल नावाची वायनरी अजून त्या बागेची रेड वाइन काढते. खाली प्रश्न: "मामा, आपल्याकडे का नाहीत अशा?"

आमची निफाडची बाग थॉम्पसनची. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी, वर्षातून दोनदा कात्री. पंधराएक वर्षांत वेल थकायची, घड हलके व्हायचे. नाना मांडवाखालून एक फेरी मारून म्हणायचे, "औंदा काढू." उपटलेल्या खोडांचा ढीग म्हणजे आम्हा पोरांचा रायगड. आजी त्यातलं एकेक खोड ओढून बंबात सारायची, गड रोज थोडा खचायचा. त्या हिवाळ्यात सगळं घर थॉम्पसनवर तापलेल्या पाण्याने न्हायलं.

तिकडे वेलींना वयाप्रमाणे पदव्या. ३५ला 'ओल्ड', ७०ला 'सर्व्हायव्हर', शंभरीला 'सेंटेनेरियन', १२५ला 'अँसेस्टर'. आमच्याकडे साठीला रेल्वेच्या तिकिटात सवलत होती, तीही २०२०मध्ये गेली. युरोपातल्या बागा फिलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळापासून खाल्ल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात ही कीड पोचलीच नाही, म्हणून या वेली कलमाशिवाय, स्वतःच्याच मुळांवर उभ्या. घड मोजके, मणी बारीक, रसाच्या मानाने साल जास्त. त्यामुळे रंग आणि तुरटपणा दाटून उतरतो. तो निवायला आधी ओकचं पिंप, मग बाटलीत वर्षानुवर्षं मुक्काम. कमी पिकलं म्हणून दर जास्त, हे गणित नानांना कुणी पटवून दाखवावं.

पण १९८०च्या दशकात तिथल्याच सरकारने जुन्या वेली उपटायला शेतकऱ्यांना पैसे दिले होते! बऱ्याच गेल्या. ज्यांनी राखल्या त्यांना आता दूरदृष्टीचे म्हणतात. मला शंका आहे. त्यांतले निम्मे तरी "बघू पुढच्या वर्षी" म्हणणारे असणार. मी स्वतः त्याच जातकुळीतला, म्हणून ओळखतो.

नाना तसे नव्हते. आणि खरं सांगायचं तर त्यांनी काढलेली शेवटची बाग थकलेलीही नव्हती, चांगली भरात होती. ऐन काढणीत गारपीट झाली, उरलासुरला माल नेलेला व्यापारी पैसे न देता पसार झाला आणि सोसायटीचा हप्ता दारात उभा राहिला. पुन्हा द्राक्षाला पैसा घालायची कुणाची छाती नव्हती. तिथे आता कांदा असतो.