रिकामी तागडी सरळ होती

भोगीच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत पोरांचा बाजार भरतो. वाईजवळची छोटी शाळा आहे, पहिली ते सातवीची मुलं एकत्रच बागेत काम करतात, एकत्रच स्वयंपाक करतात. बाजारात परसबागेतला पावटा, गाजरं, वांगी, मेथी असते आणि पोरांनी आसपासच्या शेतकऱ्यांकडून ठोक भावाने आणलेला ओला हरभरा, बोरं. भोगीच्या भाजीला लागणारं सगळं एका जागी मिळतं म्हणून पालक तर येतातच, पण मागच्या वस्तीवरच्या बायाही येतात, आणि खरं सांगायचं तर बाजार खरा होतो तो त्यांच्यामुळेच. पालक शंभराची नोट देतात आणि "राहू दे सुट्टे" म्हणतात. वस्तीवरची बाई शेंग फोडून दाणा भरलाय का बघते आणि मगच भाव विचारते. आम्ही दरवर्षी पालकांना निरोप देतो की सुट्टे घेऊन या, जास्तीचे पैसे देऊ नका, पोरांचा हिशोब लागत नाही. तरी देतातच.

तागडी पोरांनीच केलेली असते, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. जवळजवळ दोन फुटांची बांबूची दांडी, मध्ये खाच पाडून त्यात सुतळी अडकवायची, दोन्ही टोकांना सारख्या मापाच्या दोऱ्यांनी ताटल्या टांगायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण बांबू एका बाजूला जाड असतो, पेर आलं की वजन वाढतं, दोऱ्या ताणल्या जातात. दांडी आडवी राहीपर्यंत पोरं तासतात, बांधतात, सोडतात, परत बांधतात. वजनं म्हणजे वाळूच्या पुरचुंड्या, पाव, अर्धा आणि एक किलोच्या, किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर तोलून शिवलेल्या.

एका मुलाच्या आजोबांनी पोरांना चिपटं, मापटं, शेर, पायली ही धान्य मापायची जुनी मापं समजावली होती, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पासंगही त्यांनीच शिकवला. एक पारडं खाली जात असेल तर दुसऱ्याला खडा बांधायचा, की तागडी सरळ.

तर बाजार अर्ध्यावर आला असेल, पावट्याच्या ढिगाशी पाचवीतली एक मुलगी आणि सहावीतला एक डावखुरा मुलगा बसले होते. वस्तीवरच्या एक आजी किलोभर पावटा घेऊन गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. "बाळा, कमी वाटतंय गं." मुलगी म्हणाली, बघा की आजी, रिकामी तागडी सरळ आहे. आणि होतीच सरळ, वजनाच्या बाजूला एक खडा लटकत होता. मुलगा म्हणाला, थांबा, मी परत करून दाखवतो. तो डावखुरा, त्यामुळे त्याने वजन उजव्या पारड्याऐवजी डाव्यात टाकलं आणि पावटा उजव्यात. पावट्याचं पारडं वरच. मूठभर शेंगा टाकल्या तेव्हा कुठे दांडी आडवी झाली. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. तोच पावटा, तेच वजन.

आमचे गणिताचे सर तिथेच होते, ते म्हणाले खडा जरा मोठा लावा. सर मनाचे चांगले आहेत, पण बाजाराचा दिवस पार पडला पाहिजे एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. मुलीने खड्याला हातच लावला नाही. ती म्हणाली, रिकामी सरळ आहे, मग खड्याचा काय दोष? तिने फूटपट्टी आणायला पिटाळलं. सुतळी खाचेतून अर्धा सेंटीमीटर सरकली होती. दांडीचा पावट्याकडचा हात ३० सेंटीमीटर, वजनाकडचा २९. सरकल्यावर पावट्याची बाजू खाली गेली असणार, कोणीतरी इमानदारीत खडा बांधून ती वर आणली, आणि सगळ्यांना वाटलं झालं काम. पण हात लांब-आखूड असले की चूक मालाच्या वजनाबरोबर वाढत जाते, खडा ठरलेलाच राहतो. किलोला साधारण ३३ ग्रॅम कमी, अर्ध्याला १६-१७. हे त्यांनी तिथे बसून काढलं, हजाराला ३० ने भागून २९ ने गुणून, ६७-६८ ग्रॅमचा फरक दोन्ही बाजूंनी तोलल्यावर का दिसला तेही. भागाकार नको म्हणणारी पोरं आहेत ही!

मग त्या मुलीने बाजार थांबवला. म्हणजे खरंच थांबवला, सगळ्यांचे काटे खाली ठेवायला लावले आणि माईकवरून सांगितलं की ज्यांनी पावटा घेतला त्यांनी परत या, आम्ही कमी दिलंय. वहीत १४ किलो गेल्याची नोंद होती, सुतळी कधी सरकली ते कोणालाच माहीत नाही, म्हणून सगळ्यांनाच द्यायचं ठरलं. पालक हसले. "जाऊ दे गं बाळा, अर्धा किलोसुद्धा होत नाही सगळं मिळून." एक काका म्हणाले, शाळेचा कार्यक्रम आहे, दुकान थोडंच आहे. मला हे फार लागलं. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिलाही लागलंय, कारण तिच्या लेखी ते दुकानच होतं, आणि आम्ही मोठी माणसं तिला सांगत होतो की हे खोटं आहे, तू उगीच खरं धरलंस. परत आल्या त्या फक्त वस्तीवरच्या बाया. आजींनी तर मूठ उघडून बघितली, "एवढा नव्हता गेला" म्हणत थोडे दाणे परत ठेवले.

१९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं, तीच नई तालीम. आमच्याकडे पालकांना नई तालीम ऐकायला आवडते, पण "बाग ठीक आहे, अभ्यास कधी?" हा प्रश्न दर सभेत येतोच. या वेळच्या सभेत आणखी एक आलं, पुढच्या वर्षी डिजिटल काटे द्या, उगीच गोंधळ नको. मी नाही म्हणाले. हातांची लांबी, खडा, भागाकार हे सगळं त्या काट्याच्या डब्यात बंद होऊन जातं. पण दुसरीकडे त्यांचंही अगदीच चुकत नाही, माणसं पैसे मोजून माल घेतात, त्यांच्या पैशांवर पोरांनी शिकावं का? त्या आजी परत आल्याच नसत्या तर? हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, म्हणूनच लिहायला बसले.

पोरांचे दोन तट पडलेत. डावखुऱ्याचं म्हणणं, तागडीच ठेवायची पण प्रत्येक माल पारडी बदलून दोनदा तोलायचा. मुलगी म्हणते, एवढा वेळ कोण थांबेल, त्यापेक्षा सुतळीऐवजी दांडीला भोक पाडून खिळा घालू, म्हणजे सरकणारच नाही. मार्चमध्ये मेथीचा दुसरा वाफा निघेल. सध्या दोघंही आपापली दांडी तासतायत.