क्योतोच्या बागेत ती गोष्ट कशाला?

प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने येतो. सहलीनंतरच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर येतो: ‘सगळं उत्तम, फक्त रयोआनजीच्या आधीचं ते भाषण टाळता आलं तर बघा.’ व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेल्या चिन्हासकट येतो. एका मावशींनी विमानतळावर सामानाची वाट बघता बघता विचारलं, “अगं, बागा बघायला आलेल्या माणसांना अस्पृश्यतेचं कशाला सांगत बसतेस?” दर वेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेते. आता एकदाच नीट लिहिते.

मी मराठी माणसांचे छोटे गट घेऊन क्योतो, नारा, हिमेजीला जाते. बागा, देवळं आणि कारागिरी, एवढंच. क्योतोतल्या रयोआनजी या झेन देवळाला पोचलो की तिथल्या दगडांच्या बागेत शिरण्याआधी क्योयोची तळ्याकाठी सगळ्यांना थांबवते आणि दहा-पंधरा मिनिटं बोलते. आत ओसरीवर शांतता पाळायची असते, म्हणून बाहेर. पांढरी खडी, १५ दगड, कुठेही बसलं तरी एखादा दगड नजरेआड राहतोच, हे तुम्ही घरून निघण्याआधीच यूट्यूबवर पाहिलेलं असतं. मी त्यापुढचं सांगते. मागच्या भिंतीजवळच्या एका दगडाच्या पाठीवर नावं कोरलेली आहेत. एक स्वच्छ वाचता येतं, कोतारो. दुसऱ्याचं पहिलं अक्षर झिजलंय, त्यामुळे कुणी ते सेइजिरो वाचतं तर कुणी हिकोजिरो. नावांचं तोंड भिंतीकडे आहे. ओसरीवर बसलेल्याला ती दिसत नाहीत.

ही माणसं कावारामोनो असावीत असं बरेच अभ्यासक मानतात. कावारामोनो म्हणजे नदीकाठचे. कामो नदीच्या पात्रालगतच्या, कर न लागणाऱ्या जमिनीवर राहणारे. मेलेली जनावरं ओढायची, सोलायची, कातडी कमवायची, विहिरी खणायच्या, ही त्यांची कामं. दगडमातीचं कामही त्यांच्याकडेच आलं, आणि त्यातून बागा रचणारे उस्ताद तयार झाले. त्यातला सगळ्यात नामांकित झेनआमी. शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमासाचा हा आवडता माळी आजारी पडला तेव्हा शोगुनाने त्याच्यासाठी औषध पाठवलं होतं. नाऱ्यात आपण दाइजोइन या जुन्या मठाची बाग बघतो, तिच्यावर त्याचा हात फिरलेला आहे. आणि त्याच पंधराव्या शतकात सम्राटाच्या वाड्याच्या बागेत काम करणाऱ्या कावारामोनोंना ‘अशुद्ध’ म्हणून बाहेर काढल्याचीही नोंद सापडते.

झेनआमीचा नातू माताशिरो हाही बागा करायचा. एका झेन भिक्षूने १४८९ साली त्याचं बोलणं लिहून ठेवलंय. जनावरं मारणाऱ्यांच्या घरात जन्माला आलो याचं मला मनापासून दुःख आहे, म्हणून मी कुठल्याही जिवाला मारणार नाही आणि पैशाचा लोभ धरणार नाही, अशा अर्थाचं. हे वाक्य मी तळ्याकाठी सांगते तेव्हा गटातली दोन-तीन माणसं मोबाईलकडे बघायला लागतात. मला ते दिसतं.

तुमचं म्हणणं मला कळतं. आयुष्यभर नोकरी करून, मुलांचं सगळं मार्गी लावून, मग कुठे हा प्रवास ठरतो. त्यात आपल्याच घरातलं दुखणं परदेशी ऐकायला कुणाला आवडेल? काहींना वाटतं की मी आपल्या जातीपाती ओढूनताणून जपानवर चिकटवते. तसं नाही. हे जपानचं स्वतःचं आहे. १८७१ मध्ये सरकारने फतवा काढून हा भेद कागदावरून पुसला. तरी तो राहिला, म्हणून १९२२ मध्ये त्याच माणसांनी क्योतोत सुइहेइशा ही संघटना उभी केली. आपल्या महाडच्या चवदार तळ्याच्या पाच वर्षं आधी. यातलं काहीही मी इथून नेलेलं नाही.

आता ते, जे मी आजवर कुणालाच धड सांगितलेलं नाही.

एका शरद ऋतूतल्या गटात एक काका-काकू होते. काका निवृत्त इंजिनिअर, फार वाचलेले, प्रत्येक देवळाच्या खांबाचा सांधा वाकून बघणारे. असा माणूस गटात असला की माझं काम सोपं होतं. रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीत चहाची बैठक जमायची. काकूंनी घरून भडंगाचा मोठा स्टीलचा डबा आणला होता. डबा मधे ठेवायचा आणि सगळ्यांनी मुठी भरभरून घ्यायचं. मीही घ्यायची. कोल्हापूरची असल्यामुळे भडंगावर माझा जरा जास्तच हक्क आहे, असं काकूच म्हणायच्या.

त्या दिवशी रयोआनजी झालं. परत निघताना काका तळ्याच्या कडेने माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, “ताई, सांगितलंत छान. पण तुम्हाला यात एवढा रस कसा?” मी म्हटलं, बागा शिकताना हे आपोआप समोर आलं. ते थोडं थांबले. मग म्हणाले, “राग मानू नका, तुमच्या आडनावावरून काही कळत नाही. तुम्ही नेमक्या कोण?”

आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून खरंच काही कळत नाही. शाळेत, क्लासात, जपानी शिकताना पुण्यात काढलेल्या वर्षांत त्या न कळण्याच्या आडोशाला मी बऱ्यापैकी सुखात राहिले. पण त्याच वाटेवर तासाभरापूर्वी मी माताशिरोचं वाक्य बोलले होते. उडवाउडवी करणं जमलं नाही. म्हटलं, “आम्ही कक्कय्या. ढोर. माझे आजोबा कातडी कमवायचे.”

काका म्हणाले, “अरे वा.” मग म्हणाले, “वाटत नाही हो अजिबात.” मग त्यांनी तळ्यातल्या बदकांचा फोटो काढला.

संध्याकाळी चहाला गेले. डबा नेहमीसारखा मधे होता. मी बसले तशा काकू उठल्या, त्यांनी टिश्यू पेपर काढला, त्यावर चमच्याने भडंग वाढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “घे गं, तुला उरायचं नाही नाहीतर.” आवाजात नेहमीचीच माया होती. मी खाल्लं. शेंगदाणे वर आले होते, लसूण कुरकुरीत होता, टिश्यूला तेलाचा डाग पसरत होता. त्यानंतर सहल संपेपर्यंत मला रोज कागदावर मिळालं. बाकीच्यांना कसं मिळत होतं ते मी मान वर करून बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित दिसलं असतं की त्या सगळ्यांनाच चमच्याने वाढत होत्या, आणि तसं असेल तर मी एका प्रेमळ बाईवर इतकी वर्षं मनातल्या मनात अन्याय करते आहे. किंवा दुसरं काही दिसलं असतं. दोन्हीची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी हिमेजी होतं. किल्ला पाहून आम्ही पांढरं कातडं करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. हिमेजीचं पांढरं कातडं जुन्या काळापासून प्रसिद्ध, सामुराईंच्या चिलखतांना लागायचं. पद्धत अशी की कातडी इचिकावा नदीच्या वाहत्या पाण्यात भिजवायची, म्हणजे केस सुटतात. मग मीठ आणि मोहरीच्या कुळातल्या बियांचं तेल लावून पायांनी तुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा तुडवायची. झाडाची साल नाही, काही नाही. शेवटी हस्तिदंतासारखा रंग येतो. कारागिराने एक तुकडा हातात दिला. मऊ, पण बोटाला उलटून जोर देणारा.

काकांनी तो गालाला लावला. “काय सुंदर आहे हो,” म्हणाले, आणि पाकीट विकत घेतलं.

आमच्याकडे चुन्याच्या कुंडीतून काढलेलं कातडं खरवडून झालं की त्याची पिशवी शिवायचे. तिच्यात बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरून ती आढ्याला टांगायची. पाणी थेंब थेंब गळत राहायचं, खालच्या घमेल्यात साचलं की आजोबा ते पुन्हा वर ओतायचे. दिवसभर तेच. लाल-तपकिरी पाणी, तुरट वास, आजोबांच्या हातांना कायमचा चढलेला तोच रंग. घमेल्यापाशी मला बसू द्यायचे नाहीत. “तू शाळेत जा, हात लावू नको,” म्हणायचे. त्या अंगणात बाहेरचा कुणी पाहुणा आल्याचं मला आठवत नाही. कातडं न्यायला यायचे ते रस्त्यावरूनच हाक मारायचे.

काका वाईट माणूस नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायची म्हणून लिहीत नाही. त्यांना ते कातडं खरंच आवडलं होतं आणि त्या कारागिरापुढे ते कमरेत वाकले होते. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं आणि मी बाहेर जाऊन बसची चौकशी करत राहिले.

त्यानंतर काही सीझन मी ती गोष्ट सांगितलीच नाही. तुमच्यातल्या काहींना वाटत असेल, ‘माझ्या वेळी तर काही बोलल्या नव्हत्या.’ बरोबर, तुम्ही त्या मधल्या काळात आला होतात. त्या काळातली मी फार समंजसपणे युक्तिवाद करायची. लोक पैसे भरून सुट्टीवर येतात. तू गाइड आहेस, कुणी समाजसुधारक नाहीस. दगडांसमोर माणसाला थोडी शांतता मिळत असेल तर तुझ्या आजोबांचं घमेलं त्याच्या मांडीवर का ठेवतेस? आणि खरं सांग, तू हे कोतारोसाठी सांगतेस की स्वतःसाठी? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही देता येत नाही. तिचं म्हणणं मी खोडून काढलंय असं नाही. ती अजून अधूनमधून बरोबर वाटते.

पुन्हा सांगायला लागले ते एका साध्या कारणाने. रयोआनजीत हमखास विचारलं जातं, “ही बाग केली कुणी?” ठरलेलं उत्तर असं की नक्की माहीत नाही, पण परंपरेने सोआमीचं नाव सांगतात. सोआमी शोगुनाच्या पदरी असलेला चित्रकार, कलांचा जाणकार. मीही त्या काळात एवढंच सांगून पुढे जायची. पण त्या अख्ख्या बागेत दगडावर खरोखर कोरलेली नावं दोनच आहेत. ती माहीत असताना गाळायची आणि ज्याचं नाव तिथे कुठेही कोरलेलं नाही त्याचं मात्र सांगायचं, हे गाइड म्हणूनही मला खोटं वाटायला लागलं. कोरणारा बाग रचणाराच असेल असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नाही, आणि मीही म्हणत नाही. पण तो तिथे होता. त्याने दगडाला हात लावला होता.

तुमच्या हरकतीपेक्षा मला जड जाते ती दुसरीच. क्योतोतला माझा जपानी सहकारी. अनेक वर्षं आमच्या गटांची तिथली व्यवस्था तोच बघतो. त्याने एकदा संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं की तू मराठीत काय बोलतेस ते आता मला कळलंय, आणि ते मला आवडलेलं नाही. त्याचं म्हणणं असं: इथे लोक आपलं हे मूळ लपवतात, कारण लपवावं लागतं. १९७५ साली उघडकीला आलं की या माणसांच्या वस्त्यांच्या पत्त्यांची यादी गुपचूप विकली जात होती आणि मोठमोठ्या कंपन्यांनी ती विकत घेतली होती, नोकरीसाठी आलेल्यांना चाळायला. लग्न ठरवताना मुलीचं मूळ शोधायला माणूस लावणारी घरं होती. तुमच्याकडे आडनाव, आमच्याकडे पत्ता. तू गोष्ट सांगून विमानात बसतेस, आम्ही इथेच राहतो.

मी त्याला म्हटलं, मी पाचशे वर्षांपूर्वीचं सांगते, आजच्या कुठल्याही वस्तीचं नाव घेत नाही. ते खरंच आहे. गटातल्या कुणी “ते लोक आता कुठे राहतात? दाखवता का?” असं विचारलं तर मी दाखवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. हिमेजीच्या कारागिराला त्याच्या कामाबद्दल वाटेल ते विचारा, घराण्याबद्दल एक अक्षर नाही, हे बसमधेच बजावते. पण यावर तो म्हणाला, “मग तुलाही माहीत आहे की हे धोक्याचं आहे.” हो, माहीत आहे. मला कुणी वाटेवर विचारलं तेव्हा मी सांगितलं, पण तो निर्णय माझा होता. त्याच्या शेजाऱ्यांचा निर्णय मी घेऊ शकत नाही. इथे माझ्याकडे उत्तर नाही, आणि तरीही मी सांगते आहे. दोन्ही खरं आहे.

तेव्हा पुढे काय, ते लिहिते. तळ्याकाठची दहा-पंधरा मिनिटं राहतील. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी तेवढ्या वेळात तळ्याला चक्कर मारून यावी. शरदात तिथले मेपल बघण्यासारखे असतात, आणि मी मनात काही धरत नाही. येत्या गटाला हे निघण्याआधीच कळवलेलं असेल, म्हणजे फसवलं असं कुणाला वाटायला नको.

एक गोष्ट मात्र अजून ठरत नाहीये. हेइआन देवस्थानाच्या बागेत आपण जातो, तिथे ओगावा जिहेइ या बागा रचणाऱ्याने तळ्यात जुन्या पुलांच्या खांबांचे दगड रांगेने मांडलेत आणि सगळे त्यावरून उड्या मारत पलीकडे जातात. तिथून थोडं चाललं की ओकाझाकीत सुइहेइशाची पहिली सभा ३ मार्च १९२२ रोजी जिथे भरली त्या जागेवर स्मारकाचा दगड आहे. त्यांच्या जाहीरनाम्याचं शेवटचं वाक्य आहे: माणसांच्या जगात ऊब असो, माणसांत उजेड असो. ते त्यांनी लपून म्हटलेलं नाही, भर सभेत म्हटलंय, म्हणून तिथे गट नेण्यात कुणाचं गुपित फुटत नाही असं मला वाटतं. सहकाऱ्याला विचारलंय. त्याने ‘विचार करतो’ एवढंच कळवलंय. तो नाही म्हणाला तर यंदा नेणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारेन.