दाखल्यातला एक शब्द

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात असताना निविदांचे लिफाफे उघडण्याचे काम बरीच वर्षे माझ्या वाट्याला आले. आधी तांत्रिक लिफाफा, त्यात जे पात्र ठरतील त्यांचाच पुढे आर्थिक लिफाफा, आणि शेवटी सर्वांत कमी दराच्या नावासमोर बरोबरची खूण, असा तो क्रम असे. तांत्रिक लिफाफ्यात अनुभवाचे दाखले असत आणि त्या प्रत्येकाच्या अखेरीस एकच वाक्य असे : 'सदर ठेकेदाराचे काम समाधानकारक आहे.' या एका शब्दाने किती वेगवेगळ्या कामांना एकाच मापात कोंबले असेल, याचा विचार मात्र मी निवृत्त झाल्यावर, तोही आईच्या औषधांमुळे, केला. माजी सैनिकांची चांगली सेवा करणाऱ्या ठेकेदारांचा गौरव व्हावा असे म्हणतात, पण तो कशाच्या आधारे करायचा, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. दापोलीत असे घर असणे ही काही विशेष गोष्ट नाही. जुनी माणसे आजही गावाला 'कॅम्प दापोली' म्हणतात, कारण येथे इंग्रजांची छावणी होती, आणि ती उठल्यावर फौजेतील पेन्शनर येथे स्थायिक होत गेले. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, निवृत्तीनंतर काही काळ येथेच राहिले. पलीकडे महाड तालुक्यातील एका गावाचे तर नावच फौजी आंबवडे आहे. ज्या मुलखाने इतकी माणसे फौजेला दिली, त्या मुलखात परत आलेल्या फौजीला औषध वेळेवर मिळते की नाही, हा प्रश्न लष्कराचा खरा. पण त्याचे प्रत्यक्ष उत्तर बहुतेक वेळा कोणा ठेकेदाराच्या हातात असते.

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, जिला सगळे ईसीएचएस म्हणतात, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. ती सरकारी असली तरी चालते करारांवर. पॉलिक्लिनिकातील, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातील, डॉक्टर, औषध वाटणारा फार्मासिस्ट, रुग्णवाहिकेचा चालक हे मुदतीच्या करारावरचे. मोठ्या उपचारांसाठी यादीवरची खाजगी रुग्णालये. आणि पॉलिक्लिनिकात जे औषध शिल्लक नसेल ते आणून देण्यासाठी नेमलेला स्थानिक औषध विक्रेता, ज्याची निवड छापील किमतीवर तो किती टक्के सूट देतो यावर होते. माझ्या आईची मधुमेहाची औषधे पुष्कळदा या शेवटच्या वाटेने येतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्यावरून गेले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, नारळाची झाडे विजेच्या तारांवर पडली आणि वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. फ्रिज बंद असल्यामुळे आईचे इन्सुलिन मी मातीच्या मडक्यात, भोवती ओले फडके गुंडाळून ठेवले होते. ते किती दिवस टिकेल याची धास्ती होती आणि तेही संपत आले होते. चौथ्या दिवशी तो औषध विक्रेता मोटारसायकलवरून अंगणात उभा राहिला. वाटेत पडलेल्या फांद्या स्वतः बाजूला करीत, बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये इन्सुलिनच्या कुप्या घेऊन तो आला होता, आणि आमच्यासारखी आणखी काही घरे त्याच्या वहीत लिहिलेली होती. करारात त्याने औषध पॉलिक्लिनिकात पोहोचवावे एवढेच होते. घरापर्यंत येण्याचे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि त्याचे पैसेही मिळणार नव्हते. आईने त्याला पाणी दिले आणि म्हणाली, "बाबू, एवढ्यातून कशाक इलंस रे?" त्यावर तो नुसता हसला. (आई मूळची मालवणकडची, साठ वर्षे दापोलीत काढूनही तिची बोली बदललेली नाही.)

पुढच्या निविदेत तो अर्ध्या टक्क्याने हरला. काम शहरातल्या एका मोठ्या पुरवठादाराकडे गेले. यात कोणी गैरप्रकार केला असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या खुर्चीत मी असतो तर मीही हेच केले असते, आणि अनेकदा केलेही आहे. फाईलमध्ये त्याच्याविषयी जे होते ते एवढेच : काम समाधानकारक. ज्याने नाइलाजाने कसेबसे वर्ष रेटले त्याच्या दाखल्यातही हेच लिहिलेले असते.

नियम आडवा येतो, हे आता पूर्ण खरे राहिलेले नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये खरेदीविषयी ज्या सर्वसाधारण सूचना काढल्या, त्यांत गुणवत्ता महत्त्वाची आहे असे आधी ठरवून घेतलेल्या कामांत दराखेरीज इतर निकषांना ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा आहे. वजन द्यायला वाव आहे. पण काट्यावर ठेवायला वस्तूच नाही. वर्षभरात डॉक्टरांच्या किती चिठ्ठ्या औषधाविना परत गेल्या, औषध यायला किती दिवस लागले, जुलैत घाट बंद असताना काय केले, हे दाखल्यात आकड्यांनी लिहिलेले असेल तरच त्या ३० टक्क्यांना अर्थ आहे. सशस्त्र सेना ध्वजदिनाला, ७ डिसेंबरला, अशा ठेकेदाराचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करायला माझी हरकत नाही, पण नारळ निविदेला जोडता येत नाही.

आणि गौरव करायचाच, तर तो एकट्या ठेकेदाराचा का करावा? आमच्या भागातील यादीवरच्या एका रुग्णालयाने माजी सैनिकांना विनारोकड दाखल करून घेणे मध्यंतरी जवळजवळ थांबवले होते, कारण मागची बिले थकली होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. पण पुढच्या वर्षी त्याच दारात उभे राहायचे असलेला लहान माणूस ते व्याज मागायला धजत नाही. ज्या टेबलावरून बिल वेळेत पुढे सरकते, त्या टेबलावरच्या कारकुनाचा सत्कार झालेला मी संपूर्ण नोकरीत एकदाही पाहिला नाही. मला विचाराल तर पहिला हार त्याच्या गळ्यात पडायला हवा.

अडचण आणखी एक आहे. माजी सैनिकांचा अभिप्राय घ्यावा म्हटले, तर फौजी माणूस तक्रार करत नाही. तासभर बाकावर बसवून औषध नाही म्हणून परत पाठवले, तरी 'कसं काय चाललंय?' याला त्याचे उत्तर 'एकदम ठीक, साहेब' हेच असते. माझे वडील असेच होते. त्यामुळे 'समाधानी आहात का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'मागच्या महिन्यात किती फेऱ्या माराव्या लागल्या?' असे विचारले, तर तो आकडा मात्र खरा सांगतो.

मी एका कागदावर असे सहा प्रश्न लिहून पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांना नेऊन दिले. ते स्वतः निवृत्त कर्नल, मनाने चांगले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे योग्य आहे, पण पाठवू कुठे? यासाठी रकाना नाही." मग तो घडी घालून खणात ठेवला.

यंदा तो विक्रेता पुन्हा निविदा भरतो आहे. कागदपत्रे जुळवायला माझ्याकडे आला, तेव्हा आईने त्याला एक पत्र दिले. वादळातली ती हकिकत, थरथरत्या अक्षरात, दीड पान. निविदेच्या पोर्टलवर ते कुठे जोडावे हे आम्हा दोघांनाही कळेना. शेवटी ते स्कॅन करून 'इतर कागदपत्रे' या ठिकाणी, पॅनकार्डाच्या प्रतीखाली, चढवले.