वॉटर पंप बदलताना: गळणारं भोक, बेल्टचा ताण आणि हीटरची कळ

पार्किंगच्या लादीवर कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) हिरवा किंवा गुलाबी थेंब दिसला म्हणून लगेच वॉटर पंप, म्हणजे तो इंजिनात फिरवणारा पंप, आणायला धावू नका. गाडी नेमकी कधी गरम होते ते आधी बघा. सायनच्या सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि पुढे मोकळा रस्ता मिळाला की उतरतो, तर दोष बहुधा रेडिएटरच्या पंख्याचा, त्याच्या रिलेचा किंवा मोटरचा असतो. वेगात वारा पंख्याचं काम करतो, एवढंच. हायवेलाही काटा चढत असेल तर मात्र पंप, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) आणि तुंबलेला रेडिएटर या तिघांकडे बघायचं.

पंप गेल्याची खूण पंपावरच सापडते. शाफ्टच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पुसट सुकलेला डाग चालतो. ओला ओघळ किंवा जाड खपली दिसली तर सील गेलं. हे भोक एम-सीलने बुजवणं घातक आहे: पाणी बेअरिंगमध्ये जातं, पंप जाम होतो आणि भर रस्त्यात बेल्ट तुटतो. बेल्ट काढून पुली हाताने हलवा. खेळ लागला किंवा फिरवताना खरखर जाणवली, तर बेअरिंग संपलं.

पंप कोणत्या बेल्टवर चालतो हे आधी ठरवा. टायमिंग बेल्टवर (वॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणाऱ्या बेल्टवर) असेल, तर लॉकिंगची हत्यारं आणि अनुभव नसताना हात घालू नका. एक दात चुकला तरी टायमिंग बिघडतं, आणि जास्त चुकला तर बऱ्याच इंजिनांत वॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पुढचं सगळं बाहेरच्या बेल्टवरच्या पंपासाठी आहे.

नवा पंप ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून घ्या, जुना पंप सोबत नेऊन इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चक्र) आणि बोल्टची भोकं जुळवा. वापरलेला पंप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, कारण सील किती झिजलंय ते बाहेरून कळत नाही. सोबत गास्केट किंवा ओ-रिंग, बेल्ट, होजच्या क्लिपा आणि कूलंट आणा. थर्मोस्टॅट जुना असेल तर तोही आत्ताच बदला, पुन्हा पाणी काढावं लागणार नाही.

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम असताना रेडिएटरची कॅप उघडली तर उकळतं पाणी अंगावर उडतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, बेल्टच्या वाटेचा फोटो घ्या आणि बेल्ट ताणलेला असतानाच पुलीचे बोल्ट ढिले करा. नंतर पुली नुसती फिरत राहते. निघालेलं कूलंट तसराळ्यात धरून बंद कॅनमध्ये भरा आणि सर्व्हिस सेंटरला द्या. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. पावसाच्या पाण्याच्या गटारात ओतलं तर ते शुद्ध न होताच खाडीत किंवा समुद्रात जातं.

पंपाचे बोल्ट सहसा एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला, तर ॲल्युमिनियमचा ब्लॉक तडकतो.

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या: जुनं पॅकिंग, म्हणजे जुनं गास्केट, खरवडण्यात. स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकची पट्टी वापरा. ॲल्युमिनियमवर पडलेला एक चरासुद्धा नवीन गास्केटमधून गळतो. सिलिकॉन जिथे मॅन्युअल सांगतं तिथेच, 2 मिमीची बारीक रेघ. जास्तीचं आत गळून रेडिएटरच्या नळ्या बुजवतं. ओ-रिंगला ग्रीस नको, थोडं कूलंट पुरतं. बोल्ट तिरपे-समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा. 10 नंबरच्या पान्याचे बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरलाच बसतात. जोर केला की आटे जातात.

बेल्ट फार ताणणं हे नवा पंप वर्षभरात जाण्याचं नेहमीचं कारण आहे. हाताने ताणायचा बेल्ट असेल, तर लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठा दाबल्यावर साधारण 10 मिमी दबायला हवा.

आता पाणी. मुंबईत थंडीने ते गोठत नाही म्हणून बरेच जण नुसतं नळाचं भरतात. पण कूलंट गंजही अडवतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतं. बोअरिंगच्या किंवा टँकरच्या पाण्यातले क्षार सीलच्या तोंडावर बसून ते घासून काढतात. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच घ्या. जुनं पाणी इंजिनात थोडं उरतंच, म्हणून एकूण क्षमता 5 लिटर असेल तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओता, मग डिस्टिल्डने भरा. रंगावरून कूलंटचा प्रकार ओळखता येत नाही, मॅन्युअल बघा.

शेवटी हवा काढायची. गाडीचं नाक थोडं वर असावं. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा. आपल्याकडे ती वर्षानुवर्षं फिरत नाही, त्यामुळे अडकलेली असू शकते. आधी दोनचार वेळा फिरवून मोकळी करा. कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा, पातळी उतरेल तशी भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज गरम होतो. मग कॅप लावून पंखा दोनदा सुरू-बंद होऊ द्या. पायापाशी गरम हवा येत नसेल, तर आत अजून हवा आहे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी बघा आणि टॉर्च घेऊन पंपाच्या त्या बारीक भोकाखाली बोट फिरवा. बोट कोरडं निघायला हवं.