३१ नंबरचं यीस्ट

पडद्यावर पहिलं शिखर उंच गेलं, दुसरं जेमतेम उमटलं आणि मी खुर्चीतून उठलेच. आर ९७, एस ३! आर आणि एस म्हणजे एकाच रेणूची डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. ३१ नंबरचं यीस्ट चक्क आर रूप देत होतं.

ही यीस्टं मी करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवरून आणलेली. चुलवाणाजवळची माती, ओली चिपाडं, काहिलीवरची मळी. ‘‘त्यात औषध घावतंय व्हय गं पोरी?’’ म्हणत एका मामांनी स्वतः डबी भरून दिली होती. यीस्टला ॲसिटोफेनोन द्यायचं, पेशी त्याचं १-फिनाइल इथेनॉल हे अल्कोहोल करतात आणि त्यात आर किती, एस किती ते कायरल कॉलम, म्हणजे दोन्ही रूपं वेगळी करणारी नळी, दोन शिखरांत दाखवतो. बहुतेक यीस्टं प्रेलॉगच्या नियमानं, म्हणजे कुठलं रूप बनेल ते सांगणाऱ्या ठोकताळ्यानं, एसच देतात. माझ्या आधीच्या तिसांनीही तेच दिलं. औषधाला मात्र कधी आर लागतं. आमच्या आबांच्या मधुमेहाच्या गोळीतलं सिटाग्लिप्टिन आरच. ते बनवायला घेतलेलं मूळ एन्झाइम त्याच्या कच्च्या रेणूवर चालतच नव्हतं. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी एन्झाइममध्ये २७ बदल करून ते चालवलं, २०१० साली. ते वाचल्यापासून आर देणारं एन्झाइम मला हवंच होतं.

मॅडमनी कागद पाहिला. ‘‘एकूण अल्कोहोल किती?’’

‘‘३८ टक्के.’’

‘‘हे ४८ तासांचं. सहा तासांचा नमुना कुठाय?’’

तो फ्रीजरमध्ये होता. मी तो चालवलाच नव्हता. दुपारी चालवला. अल्कोहोल ७२ टक्के, आणि दोन्ही शिखरं जवळपास सारखी.

मी वहीत आकडे मांडले. सहा तासांना आर ३६, एस ३६. ४८ तासांना आर ३७, एस एक. आर वाढलंच नव्हतं. एस तेवढं नाहीसं झालं होतं, आणि ॲसिटोफेनोन पुन्हा वाढलं होतं. पोटात खड्डा पडला, खोटं कशाला सांगू.

त्याच संध्याकाळी धुतलेल्या पेशींना ग्लुकोज न देता दोन्ही रूपांचं समान मिश्रण दिलं. शेजारच्या नळीत उकळून मारलेल्या पेशी. रात्रभर शेकरवर. सकाळी मेलेल्या पेशींच्या नळीत काही हललं नव्हतं. जिवंत पेशींच्या नळीत एस खाली, ॲसिटोफेनोन वर, आर होतं तसं. पेशीतलं कुठलं तरी एन्झाइम फक्त एस धरून त्याचं परत ॲसिटोफेनोन करत होतं.

मिश्रणातून शुद्ध आर काढायला हे कामाचं आहे, पण निम्मा माल जातोच. आणि सहा तासांतलं ते ३६ टक्के आर कुणी केलं? ते करणारं एन्झाइमही याच पेशीत असणार. मॅडमना मी एवढंच म्हटलं, आणि त्यांनी मान डोलावली.

वहीतलं ‘आर देणारं’ खोडून ‘एस खाणारं’ लिहिलं. दुपारी पेशी फोडायला घेतल्या.