आमची वाटचाल: मालवणच्या पाण्यात लेन्सचा धंदा

पाण्याखालचे कॅमेरे, हाउसिंग (कॅमेरा ज्यात बंद करून पाण्यात नेतात ती जलरोधक पेटी) आणि लेन्स भाड्याने देणारं आमचं मालवणातलं दुकान एका सेकंडहँड निकोनॉस पाचवर, म्हणजे निकॉनच्या पाण्याखालच्या फिल्म कॅमेऱ्यावर, उभं राहिलं. त्याची १५ मिमीची लेन्स अजून माझ्या कपाटात आहे. हवेत निरुपयोगी, पाण्यासाठीच घडवलेली काच! निकॉनने २००१ साली निकोनॉस बंद केला, पण कोपऱ्यापर्यंत तसा स्वच्छ फोटो देणारी जोडणी आजही सहज जमत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

माझे पहिले भागीदार मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या रापणकरांच्या, म्हणजे रापण जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या घरातले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. होडी त्यांची, कॅमेरा माझा. ऑप्टिक्स त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी पहिल्याच हंगामात माझे फोटो बघून ते म्हणाले, "मधला पाणी कमी कर." पुढचा सगळा धंदा आम्ही या एका वाक्यावर केला. आपल्या पाण्यात प्लवक आणि गाळ भरपूर. लेन्स आणि विषय यांच्यामधलं पाणी वाढलं की बॅकस्कॅटरचे, म्हणजे फ्लॅशचा उजेड कणांवरून परतल्याचे, ठिपके वाढतात, धार जाते, आणि लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच उडालेला असतो. म्हणून वाइडसाठी, म्हणजे रुंद कोनाच्या फोटोंसाठी, आम्ही टोकिनाची १०-१७ मिमी फिशआय (कडेच्या सरळ रेषा वाकवून फार रुंद दाखवणारी लेन्स) घेतली. क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १० मिमीला १८० अंश बघते आणि १४ सेंमीवर फोकस करते. लेन्ससमोर लहान डोम (घुमटाकार काच) लावा, प्रवाळाच्या अगदी पुढ्यात जा, स्ट्रोबचे (पाण्याखालच्या फ्लॅशचे) हात बाहेर पसरवा.

मग आमच्याच रस्त्यावर दुसरं दुकान आलं.

नाव लिहीत नाही, मालवणात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी किट झूम (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स) फ्लॅट पोर्टमागे, म्हणजे हाउसिंगच्या सपाट काचेच्या खिडकीमागे, टाकली आणि "झूमवाला कॅमेरा, निम्म्या दरात" असा बोर्ड लावला. आम्ही तयार केलेला मुलगा पगार वाढवून नेला. आमची फिशआय "वाकडं दाखवते" असं हॉटेलवाल्यांना सांगत फिरले. फ्लॅट पोर्टमागे वस्तू एक तृतीयांश मोठी दिसते, म्हणजे वाइडचा कोन तिथेच आखडला. वर कडांना रंगांच्या झालरी आणि पुसट कोपरे. कोन पुरेना म्हणून त्यांची मुलं मागे सरकून शूट करायची, मध्ये आणखी पाणी. फोटो हिरवेगार यायचे आणि पर्यटक म्हणायचे, "मालवणात पाण्याखाली काही दिसतच नाही." गिऱ्हाईक गेलं याचं दुःख मी गिळलं असतं. आमच्या समुद्राचं नाव खराब केलं, ते अजून विसरलेलो नाही.

दोन हंगाम फार वाईट गेले. हाउसिंगच्या कर्जाचे हप्ते थकले, एक स्ट्रोब विकावा लागला, भाऊंनी होडीच्या इंजिनाचं काम पुढे ढकललं. दुकान तगलं ते कोल्हापूरच्या एका डॉक्टरांमुळे. त्यांना वेड फक्त समुद्री गोगलगायींचं. पुढच्या हंगामाचं भाडं त्यांनी आगाऊ दिलं आणि पावतीसुद्धा मागितली नाही. त्यांच्या हट्टापायी आम्ही ६० आणि १०५ मिमी, दोन्ही मॅक्रो (बारीक वस्तू जवळून टिपणाऱ्या लेन्स) ठेवल्या. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटवायची तर ६० मिमी सेन्सरपासून साधारण १९ सेंमीवर फोकस करते, १०५ मिमी ३१ सेंमीवर. बुजऱ्या माशाला १०५ बरी. पण गोगलगाय कुठे पळणार? गढूळ दिवशी डॉक्टर ६०च मागतात आणि त्यांचं बरोबर आहे. मॅक्रोला मात्र फ्लॅट पोर्ट उत्तम. कोन अरुंद असल्याने कोपरे बिघडत नाहीत, आणि वस्तू मोठी दिसते हा फायदाच.

पुढे घडी बसली. समोरचं दुकान बंद झालं. २०२०चा लॉकडाउन आणि २०२१चं तौक्ते वादळ यांतूनही निभावलो.

नवीन मुलं विचारतात, कुठली लेन्स घेऊ? मी सांगतो, लेन्स आधी घेऊच नका. तुमच्या हाउसिंगला त्या लेन्सचा पोर्ट मिळतो का आणि एक्स्टेन्शन रिंग (पोर्ट पुढे सरकवणारं कडं) किती लागते, ते आधी बघा. डोमचा केंद्रबिंदू लेन्सच्या प्रवेश-छिद्राशी (समोरून लेन्समध्ये बघितल्यावर दिसणाऱ्या छिद्राशी) जुळला नाही तर महागडी काचही कोपऱ्यात विरघळते. डोममागे दूरचा मासासुद्धा डोमच्या काचेपुढे साधारण त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर असल्यासारखा लेन्सला दिसतो. १० सेंमी त्रिज्या असेल तर अवघ्या ३० सेंमीवर! म्हणून जवळ फोकस न करणारी वाइड कितीही नावाजलेली असो, पाण्यात उपयोगाची नाही. रेक्टिलिनिअर वाइड (सरळ रेषा सरळच ठेवणारी) हवीच असेल तर डोम मोठा घ्या आणि छिद्र लहान, एफ ८ ते ११ ठेवा. ओ-रिंगवर (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर) ग्रीस नावापुरतं, पण केस किंवा वाळूचा कण आहे का ते बोट फिरवून दर वेळी तपासा.

आमच्याकडे येणार असाल तर बॉडीचं मॉडेल चार दिवस आधी कळवा. रिंग जुळवून, रिकामं हाउसिंग एकदा पाण्यात बुडवून मगच आम्ही तुमचा कॅमेरा आत ठेवतो. घाईचं गिऱ्हाईक आम्ही घेत नाही.